मुंबई–न्यूयॉर्क: थेट जावं की अबुधाबीमार्गे?

अंतरात फारसा फरक नाही: थेट सुमारे 12,550 किलोमीटर, अबुधाबीमार्गे जवळपास 13,000. फरक पडतो तो वेळेत. थेट विमानाला जाताना 15 ते 16 तास लागतात, कारण जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, समोरून येतो; परतताना तोच पाठीशी असल्याने वेळ वाचतो. अबुधाबीमार्गे 20 तासांच्या पुढेच धरा.

पण अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच उरकतं, न्यूयॉर्कला त्या रांगेत उभं राहावं लागत नाही. त्यासाठी मधे किमान 3 तास ठेवा आणि दोन्ही टप्पे एकाच बुकिंगवर घ्या. वेगळी तिकिटं असली नि पहिलं विमान रखडलं, तर पुढचं तिकीट बुडू शकतं.

लहान मूल किंवा व्हीलचेअरवरचे आजीआजोबा सोबत असतील तर थेटच जा. सलग बसून पाय सुजत असतील, किंवा भाड्यात खरंच बचत होत असेल, तर अबुधाबी.