घराबाहेर पडायचं कसं : पॅरिसचा कागद आणि पुण्याचा पास

कोरोनाच्या टाळेबंदीत फ्रान्समध्ये १७ मार्च २०२० पासून बाहेर पडायला स्वतःच भरलेलं घोषणापत्र लागायचं. नाव, जन्मतारीख, पत्ता, ठरलेल्या कारणांपैकी एकावर खूण, तारीख, सही. प्रिंटर नसेल तर कोऱ्या कागदावर सगळा मजकूर हाताने उतरवायचा. २४ मार्चपासून निघण्याची वेळही लिहावी लागायची, कारण फिरायला किंवा व्यायामाला दिवसातून एकच तास आणि घरापासून १ किलोमीटर एवढीच मुभा. लोक चुकत ते इथेच: वेळ लिहायची राहायची, किंवा कालचाच कागद खिशात. दंड १३५ युरो. फोनवर दाखवायची सोय ६ एप्रिलला झाली, तोवर कागदच.

पुण्यात २५ मार्चपासून उलटा मामला. कोपऱ्यावरच्या किराण्याला कागद नको, पिशवी हातात घेऊन पायी जायचं. मात्र दवाखाना, अत्यावश्यक नोकरी असं काही असेल तर पोलिसांकडे पासासाठी ऑनलाइन अर्ज, आणि मंजुरीची वाट. कारण मोघम लिहिलं की अडलंच. दुचाकी काढली तर जप्तीची धास्ती. त्यात सोसायटीचे नियम वेगळे: कामवाल्या मावशी बंद, भाजीचा टेम्पो गेटवरच.

पॅरिसची पद्धत कटकटीची, पण परवानगी स्वतःच्या सहीची. रात्री अचानक आजारी माणसाला न्यायचं असेल, तर तीच बरी. रोजच्या दूध-भाजीला मात्र पुणं सोपं, अर्थात दुकान चालत जाण्याजोगं असेल तर.