समोरच्याच्या डोळ्यांवर न येणारा दिवा: चोर्ला घाटातल्या चौदा महिन्यांचा अनुभव

पहिल्यांदा लक्षात आलं ते गोवा आणि बेळगाव यांच्यामधल्या चोर्ला घाटात, केरी गाव मागे पडून चढ सुरू होतो तिथे. पहाटेचे साडेतीन झाले असतील. वरून भाजीचा टेम्पो उतरत होता. सवयीने माझं बोट दिवा खाली करायच्या, डिप्परच्या दांड्याकडे गेलं, पण ते तिथे पोचायच्या आधीच माझ्या उजेडात काळोखाची एक चौकट पडली, टेम्पोच्या केबिनएवढी. डावीकडची दरड दिसत होती, उजवीकडचा कठडा दिसत होता, टेम्पोच्या मागचं वळणसुद्धा दिसत होतं. फक्त त्या ड्रायव्हरच्या तोंडावर उजेड नव्हता. टेम्पो जवळ आला तशी चौकट त्याच्याबरोबर सरकली, रुंद झाली, आणि तो बाजूने निघून गेल्यावर मिटली. पुढच्या रुंद जागी मी गाडी थांबवली आणि पाणी प्यायलो. तसाच टेम्पो दहा वर्षांपूर्वी मी चालवत होतो.

सांगतो. मी केरी-सत्तरीचा. आधी खाणीवर टिपर चालवला. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा गावातल्या पुष्कळ जणांसारखा मीही दुसऱ्या कामाच्या शोधात निघालो, आणि बेळगावहून म्हापशाला भाजी आणणारा टेम्पो हाती आला. रात्री अकराला तिकडे माल भरायचा, पहाटे उजाडायच्या आत इकडे उतरवायचा. कोबी-टोमॅटो मागे भरले की टेम्पोची शेपटी खाली बसते आणि तोंड वर होतं, म्हणजे डिप्परवर असलेला दिवाही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरचा रागाने अप्पर, म्हणजे वरचा लांब झोत मारायचा, मग मीही मारायचो. दोघेही आंधळे होऊन एकमेकांजवळून जायचो. तीन-चार सेकंद पुढचा रस्ता निव्वळ आठवणीवर चालवायचा. हे मी आठ वर्षं केलं, आणि अजून पुष्कळ जण रोज रात्री करतात.

आता मी साखळीच्या एका शेठांकडे आहे. त्यांचं बेळगावला काम असतं, आठवड्याला एक-दोन फेऱ्या, शिवाय मोप्याच्या विमानतळावर रात्री-बेरात्री पाहुण्यांना आणणं-सोडणं. गाडी मोठी आहे, परदेशी कंपनीची, त्यांच्या खासगी वापरातली, म्हणून नाव लिहीत नाही. लिहायचं आहे ते तिच्या दिव्यांबद्दल. चौदा महिने आणि एकतीस हजार किलोमीटर झाले, त्यातले निम्मे तरी रात्रीचे.

दिव्याच्या आत काय आहे ते मला भाच्याने समजावलं. तो फर्मागुडीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. प्रत्येक दिव्यात नखाएवढी एक चिप आहे आणि तिच्यावर तेरा लाख आरसे. प्रत्येक आरसा केसाच्या जाडीहून कितीतरी लहान, आणि प्रत्येकाला स्वतंत्र हलवता येतं. एका बाजूला कलला की त्याच्यावरचा उजेड भिंगातून रस्त्यावर जातो, दुसऱ्या बाजूला कलला की तो आतच जिरवला जातो. सिनेमागृहातल्या डिजिटल प्रोजेक्टरमध्ये हेच असतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ही चिप तयार केली. म्हणजे रस्त्यावर पडतो तो एक चित्रपटच म्हणा, फक्त त्यात चित्र असतं ते कुठे उजेड हवा आणि कुठे नको याचं.

हे चित्र ठरवतो पुढच्या काचेवरचा कॅमेरा, आत बघायच्या आरशाच्या पाठीमागे बसवलेला. तो पांढरे ठिपके शोधतो: ती समोरून येणारी गाडी. तांबडे ठिपके शोधतो: ती आपल्यापुढे जाणारी. त्यांचा कोन मोजून तेवढ्या दिशेचे आरसे बंद केले जातात, आणि हे सेकंदात अनेकदा नव्याने होतं. अप्पर एकदा चालू केला की तो चालूच राहतो, त्यात फक्त भोकं पडतात आणि बुजतात.

इतके आरसे कशाला, हा प्रश्न मीही विचारला होता. २०१३ साली ऑडीच्या ए-८ गाडीत मॅट्रिक्स दिवे, म्हणजे तुकड्यातुकड्याने विझवता येणारे दिवे, आले तेव्हा एका दिव्यात अप्परसाठी २५ एलईडी होते. २०१६ च्या मर्सिडीजच्या ई-क्लासमध्ये ८४ झाले. तत्त्व तेच, पण तुकडे मोठे. शंभर मीटरवर एक अंश म्हणजे जवळजवळ पावणेदोन मीटर. तीन अंशांचा तुकडा विझवला की पाच मीटर रुंदीचा रस्ता काळोखात जातो. मुंबई-पुणे महामार्गावर ते चालून जाईल. आमच्या केरी-चोर्ला रस्त्याची रुंदीच जेमतेम तेवढी. समोरच्या गाडीसाठी पाच मीटर काळोख केला तर माझ्या बाजूच्या कडेने चालणारा माणूसही त्यातच बुडणार. म्हणून बारीक तुकडे पाहिजेत. हे मला त्या पहिल्या रात्री टेम्पोशेजारचा कठडा दिसला तेव्हा उमगलं.

पण माझा विश्वास बसायला एवढं पुरेसं नव्हतं. आत बसलेल्याला सगळं छानच दिसतं. समोरून कसं वाटतं? मे महिन्यात एका रात्री शेठांना विचारून गाडी गावात आणली. भाच्याला गाडीत बसवलं आणि मी माझी जुनी स्कूटर घेऊन अंजुणे धरणाच्या बाजूने उलट आलो. त्या पट्ट्यात दिवाबत्ती नाही. स्कूटरचा दिवा चालू असताना डोळ्यांवर काही आलं नाही. दोन्ही बाजूंची झाडं लख्ख, आणि मी एका काळ्या पट्ट्यातून चाललोय असं वाटत होतं. मग आम्ही जागा बदलल्या. भाचा जवळ आल्यावर ओरडला, “मामा, डोळ्यांक लागना!” एकाच दिव्याची स्कूटर कॅमेऱ्याला कळते की नाही याची मला धास्ती होती, कारण आपल्याकडे रात्री रस्त्यावर असतात त्या निम्म्या दुचाक्याच. कळते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप चालू राहतो, त्याचा इथे मोठा उपयोग होतो.

मग मी तिसरी गोष्ट केली. माझी स्कूटर त्याआधीची, तिचा दिवा बंद करता येतो. बंद केला, रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि भाच्याला यायला सांगितलं. पूर्ण अप्पर सरळ तोंडावर. डोळे मिटावे लागले, आणि उघडल्यावरही बराच वेळ हिरवे-जांभळे डाग नाचत होते. या गाडीतला कॅमेरा दिवे ओळखून काळोख करतो. ज्याच्याकडे दिवा नाही त्याला तो उलट जास्त उजेड देतो, ड्रायव्हरला तो दिसावा म्हणून. चालणारा माणूस दिसायला हवा हे खरंच. पण चालणाऱ्यालाही डोळे असतात. आमच्या गावच्या जत्रेच्या रात्री बायका-मुलं घोळक्याने रस्त्याने चालत येतात, हातात फार तर मोबाईलची बॅटरी. तेव्हा मी हे स्वयंचलित पूर्ण बंद करून डिप्परवर, वीसच्या वेगाने जातो. शेठांनाही ते सांगून ठेवलंय.

फायदा कुठे झाला ते सांगितलं पाहिजे, कारण तो खरा आहे. जुलैत होंड्याहून वाळपईकडे जात होतो. पाऊस नुकताच थांबलेला. अशा वेळी गुरं डांबरावर येऊन बसतात, रस्ता कोरडा आणि उबदार असतो म्हणून. समोरून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी सेवेची, रिकामी बस येत होती, अप्परवर. पूर्वी अशा वेळी मला फक्त दोन पांढरे गोळे दिसले असते. त्या रात्रीही तिचा उजेड माझ्या डोळ्यांत आलाच, तो माझा दिवा अडवू शकत नाही. पण माझा स्वतःचा अप्पर डावीकडे जागा होता. बसच्या चौकटीच्या बाहेर, डाव्या हाताला, आधी आठ-दहा डोळे चमकले आणि मग पाठी दिसल्या. चांगली साठ-सत्तर मीटर आधी. ब्रेक हळू दाबून थांबलो. एक वासरू अगदी पांढऱ्या पट्टीवर होतं. डिप्परवर असतो तर ते वासरू मला कुठे दिसलं असतं, याचा विचार मी त्या रात्री घरी येऊनही करत होतो.

आता जिथे मला माणूस अजून पुढे वाटतो ती जागा. घाटातला जुना ड्रायव्हर समोरची गाडी दिसायची वाट बघत नाही. वळणापलीकडच्या झाडांवर उजेड चढायला लागला, दरडीवर पिवळी झाक सरकली, की तो डिप्पर देतो. समोरचाही देतो. वळण पार होतं तेव्हा दोघांचेही दिवे खाली असतात. मला हे एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरने शिकवलं होतं, टेम्पोच्या पहिल्याच आठवड्यात. हा दिवा ते करत नाही. त्याला ठिपका लागतो, झाडावरची झाक पुरत नाही. त्यामुळे तीव्र वळणावर गाडी एकदम समोर उगवली की तिच्या ड्रायव्हरला निमिषभर पूर्ण अप्पर मिळतो आणि मग चौकट पडते. चढाच्या माथ्यावरही तसंच. निमिषच असतं, पण घाटातल्या वळणावर ते निमिष महाग आहे. म्हणून सुर्ल्याच्या वळणांवर माझं बोट अजून दांड्यावरच असतं. हात लावला की माझा हुकूम चालतो, ही सोय मात्र त्यांनी ठेवली आहे.

धुक्यात अपेक्षा ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये चोर्ल्याच्या माथ्यावर ढगच रस्त्यावर उतरतात. तिथे कुठलाही अप्पर पांढरी भिंत उभी करतो, तेरा लाख आरशांचाही. डिप्पर आणि फॉग लॅम्प, बस्स. काचेवर चिखल किंवा किडे बसले की कॅमेरा आंधळा होतो आणि गाडी आपणहून डिप्परवर येते. हे बरोबरच आहे. मी निघताना कॅमेऱ्यासमोरची काच ओल्या फडक्याने पुसतो. पणजी-म्हापसा एवढंच तुमचं फिरणं असेल तर हा दिवा काम करताना तुम्हाला दिसणारच नाही, कारण दिवाबत्तीच्या रस्त्यावर आणि कमी वेगात तो डिप्परवरच राहतो.

सगळ्यांत जास्त त्रास झाला तो काचेचा, आणि त्याबद्दल गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. डिसेंबरात खडीच्या ट्रकातून दगड उडून पुढची काच तडकली. शेठ घाईत होते, जवळच्याच एका ठिकाणी काच बदलून घेतली. काच उत्तम बसली. पण त्या रात्रीपासून समोरचे सगळे मला अप्पर मारायला लागले. दोन रात्री मला कळेना. तिसऱ्या रात्री एका सरळ पट्ट्यावर नीट बघितलं, तर काळोखाची चौकट समोरच्या गाडीच्या शेजारी, हातभर डावीकडे पडत होती! गाडीला वाटत होतं आपण फार सभ्यपणे वागतोय, आणि समोरच्याला भर तोंडावर झोत. कॅमेरा नव्या काचेवर केसभर तिरका बसला तरी शंभर मीटरवर तो फरक मीटरभर होतो. काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, ठरावीक अंतरावर फळा उभा करून, त्यांच्या संगणकावर. ते कुणी केलंच नव्हतं. बिलावर ते काम वेगळं लिहून घ्या आणि झाल्याचा कागद मागा. त्या दोन रात्री माझ्यासमोर जे आले त्यांना काय वाटलं असेल ते मला आठवतं, कारण मी त्यांच्या जागी आठ वर्षं बसलो आहे.

किमतीचं सांगायचं तर एका दिव्याचा आकडा सर्व्हिस सेंटरात विचारला, तो माझ्या वर्षाच्या पगाराहून जास्त निघाला. विम्यात दिवे पूर्ण धरलेत का ते आधी बघा. आरशांऐवजी चिपवरच हजारो बारीक एलईडी असलेली दुसरी जातही आली आहे. फोक्सवागनच्या टूआरेगमध्ये २०२३ पासून एका दिव्यात १९,२१६ आहेत. आरशांच्या दिव्यात नको असलेला उजेड तयार होऊन आत वाया जातो, त्या जातीत जो नको तो पिक्सेल पेटतच नाही. एकोणीस हजार कुठे आणि तेरा लाख कुठे, असं वाटेल. पण घाटात लागणारी चौकट कापायला एकोणीस हजार भरपूर आहेत. मला निवडायला सांगितलं तर मी तोच घेईन, आणि हीच जात उद्या मध्यम किमतीच्या गाड्यांत यावी असं मला वाटतं.

तोपर्यंत एक विनंती आहे. म्हापशाच्या बाजारात किंवा कुठेही मिळणारे ते निळसर पांढरे एलईडी बल्ब साध्या हेडलाईटच्या वाटीत घालू नका. ती वाटी हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेली असते. दुसरा बल्ब घातला की डिप्परची कड फाटते आणि उजेड वर उधळतो. घालणाऱ्याला वाटतं आपल्याला जास्त दिसतं. पन्नाशीनंतर डोळा झोतातून सावरायला वेळ घेतो, आणि रात्री घाट उतरवणारे पुष्कळ ड्रायव्हर त्याच वयाचे आहेत.

आणि असे दिवे असलेली गाडी घ्यायची असेल तर दुपारी शोरूमच्या आवारात फिरवून बघू नका. रात्री काळोखाच्या रस्त्यावर मागा, कुणाला तरी चालवायला द्या, आणि तुम्ही स्वतः स्कूटर घेऊन समोरून या.