ब्लूटूथचा जीपीएस घ्यावा की पिनेचा?

साताऱ्यातला मित्र विचारतोय, वाय-फायवाल्या आयपॅडला जीपीएसच नसतो, मग बाहेरून जोडायचा जीपीएस रिसीव्हर कुठला घेऊ? पिनेचा, म्हणजे चार्जिंगच्या जागी खोचायचा, लावला की चालू, वेगळं चार्जिंग नको, पण बॅटरी आयपॅडचीच खातो, चार्जिंगची जागा अडवतो आणि धक्का बसला की पिन मोडायची भीती. ब्लूटूथवाल्याला पेअरिंग, चार्जिंगची कटकट आहेच, पण बामणोलीहून लाँचनं वासोटा किल्ल्याला गेलात की त्या गर्द झाडीत आयपॅड सॅकमध्ये आणि रिसीव्हर वरच्या कप्प्यात, आभाळ दिसेल असा ठेवता येतो, माझ्या मते हेच महत्त्वाचं. अँड्रॉइडवर दोन्हीला बहुतेक वेळा मॉक लोकेशनचं ॲप (रिसीव्हरनं दिलेलं ठिकाण बाकीच्या ॲप्सना पुरवणारं) लागतंच. आयपॅडसाठी मात्र ॲपलला चालणाराच घ्या.

गाडीत किंवा शेताच्या बांधावर थोडा वेळ बघायचं तर पिनेचा, दिवसभर डोंगरात फिरायचं तर ब्लूटूथच.