कॉल रेकॉर्डिंग : एक अख्खी लग्नसराई वापरल्यानंतर

साताऱ्यात आमचा लग्नपत्रिका छापायचा धंदा आहे. मॅटर हल्ली व्हॉट्सॲपवर येतं, पण करेक्शन सांगायला लोक फोनच करतात. प्रूफ पाहिलं की मुलीच्या वडिलांचा फोन ठरलेला : ‘ताई, मामांचं नाव वर घ्या, थोरल्या काकांच्या नावाआधी कै. राहिलंय, आणि किलबिलमध्ये बाळाचं नाव टाका.’ मी मशीनच्या आवाजात, खांद्यात फोन धरून, हाताला लागेल त्या कागदावर लिहून घेणार. कै. चुकीच्या काकांना लागलं तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून तुळशीच्या लग्नाआधी कॉल रेकॉर्डिंग चालू केलं.

दोन फोनवर वापरलं. दुकानाच्या फोनवर गूगलचं फोन ॲप आहे, माझा स्वतःचा सॅमसंगचा. दोन्हीकडे रेकॉर्डिंग फुकट आहे, पण स्वभाव अगदी उलटे. गूगलच्या ॲपमध्ये बटण दाबलं की कॉल रेकॉर्ड होत असल्याची घोषणा दोन्ही बाजूंना ऐकू जाते, थांबवलं की पुन्हा घोषणा. सॅमसंग मात्र गपचूप काम करतो, समोरच्याला पत्ता लागत नाही. त्यात सगळे कॉल, सेव्ह नसलेले नंबर किंवा निवडक नंबर आपोआप रेकॉर्ड करायची सोय आहे. आयफोनवर ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये, आयओएस १८.१ सोबत आली. तिथेही आधी घोषणा, मग रेकॉर्डिंग.

‘प्ले स्टोअरवरून एखादं रेकॉर्डर ॲप टाका की’ असं अजूनही बरेच जण सुचवतात. त्यात वेळ घालवू नका. ही ॲप्स ज्या ॲक्सेसिबिलिटीच्या (अपंगांच्या मदतीसाठी फोनमध्ये दिलेल्या सोयीच्या) वाटेने समोरच्याचा आवाज उचलायची, ती गूगलने ११ मे २०२२ पासून बंद केली. फोनच्या डायलरमध्ये, म्हणजे नंबर लावायच्या मूळ ॲपमध्येच रेकॉर्डिंग असेल तर ठीक, नाहीतर या ॲप्समध्ये बऱ्याचदा फक्त आपलाच आवाज ऐकत बसावं लागतं.

आता कामाचं. आवाज दोन्हीकडे चांगला येतो, मशीन चालू असतानाही नावं कळतात. सगळ्यात जास्त उपयोग मुहूर्ताला झाला. एका पत्रिकेत मी मुहूर्त १२ वाजून २४ मिनिटे घेतला होता. छपाई झाल्यावर वरपित्याचा फोन : ‘मी बेचाळीस सांगितलं होतं.’ मी भांडले नाही, रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी खरंच बेचाळीस म्हटलं होतं, पण लगेच मागून बायकोचा आवाज, ‘अहो, चोवीस! बेचाळीस साखरपुड्याचा,’ आणि ते म्हणाले, ‘हां, चोवीस घ्या.’ ऐकल्यावर तेच हसायला लागले. गुरुजींना विचारलं तर मुहूर्त चोवीसचाच होता.

अडचणही तिथेच आहे. त्या माउलीला आपण रेकॉर्ड होतोय हे कुठे माहीत होतं? आपल्याकडे पत्रिकेचा फोन म्हणजे स्पीकरवर टाकलेला फोन, भोवती सगळं घर. एकदा प्रेषकांची नावं घेताना पलीकडे आत्याबाई रडायला लागल्या, त्यांच्या यजमानांचं नाव धाकट्या मेहुण्याच्या खाली गेलं म्हणून. मग वाटणीपर्यंत विषय गेला. मी ‘नंतर करते’ म्हणून फोन ठेवला, पण तेवढं सगळं माझ्या सॅमसंगमध्ये जमा झालंच. फोन करणाऱ्याची संमती एक वेळ धरून चालू, आत्याबाईंची कुठून आणणार? ती फाइल मी उडवली आणि त्या दिवसापासून माझ्या फोनवरचं आपोआप रेकॉर्डिंग बंद आहे.

कायद्याचं मी आमच्याकडे लेटरहेड छापून घेणाऱ्या एका वकीलसाहेबांना विचारलं. त्यांचं पहिलं वाक्य : ‘तुम्ही स्वतः ज्या कॉलवर आहात तो रेकॉर्ड करणं आपल्याकडे सरसकट गुन्हा नाही. दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून टिपलंत तर मात्र आत जाल.’ ते टॅपिंग झालं. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये बेकायदा टॅपिंगला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. नवऱ्याच्या किंवा सुनेच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

पुरावा म्हणून रेकॉर्डिंग चालतं का, याचा जुना दाखला मुंबईचाच निघाला. मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, लाच मागितल्याचं प्रकरण होतं. लाचलुचपतवाल्यांनी एका डॉक्टरच्या घरच्या फोनला, त्याच्या संमतीने, टेपरेकॉर्डर जोडला. ‘मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला : बोलणाऱ्यांपैकी एकाची परवानगी असेल तर ते चोरून ऐकणं होत नाही. पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि उच्च न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी येऊ लागले. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बायकोचा फोन तिच्या नकळत रेकॉर्ड करणं हा खासगीपणाचा भंग मानून तो पुरावा नाकारला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोच्याच दुसऱ्या एका खटल्यात असं गुप्त रेकॉर्डिंग पुराव्यात घ्यायला हरकत नाही असं सांगितलं. पण पुराव्यात घेतलं म्हणजे रेकॉर्ड करणाऱ्याला शाबासकी मिळाली असं नव्हे, हेही वकीलसाहेबांनी बजावलं.

आणि कोर्टात न्यायची तर मूळ फाइल लागते. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, म्हणजे खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, २०२० साली हे पक्कं झालं : एकतर मूळ यंत्रच हजर करून त्याच्या मालकाने साक्ष द्यायची, नाहीतर कॉपीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र जोडायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या नमुन्यात तर फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलवरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावी लागते. फाइल कापून, आवाज वाढवून, ‘महत्त्वाचं तेवढंच’ ठेवलंत की हॅश बदलली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या ‘ऑडिओ क्लिप व्हायरल’वाल्यांपैकी किती जणांकडे मूळ फाइल असते, देव जाणे.

आमच्यासारख्या दुकानदारांना आणखी एक गोष्ट लागू होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये घरगुती, खासगी वापराला सूट आहे, धंद्याला नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. गिऱ्हाइकाचा आवाज, नंबर, घरातल्या सगळ्यांची नावं साठवायची तर आधी सांगून विचारायला हवं. ऑर्डर फॉर्मवर मी आता तशी ओळ छापली आहे, प्रेस आपलीच आहे म्हटल्यावर खर्च कसला.

कॅलिफोर्नियातूनही आमच्याकडे ऑर्डरी येतात. लग्न इथे, मुलगा तिथे. त्या राज्यात खासगी कॉल रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते, तर न्यूयॉर्क-न्यू जर्सीत बोलणाऱ्यांपैकी एकाची पुरते. गूगल आणि ॲपलने ती घोषणा का घातली असेल याचा अंदाज इथे येतो. तिकडच्या कॉलला मी दुकानाचाच फोन वापरते.

त्या घोषणेची मला आधी भीती होती, गिऱ्हाईक बिचकेल म्हणून. काही बिचकतात. एक काका म्हणाले, ‘ही मधेच कोण बाई बोलली?’ मी सांगितलं, ‘काका, नावं चुकू नयेत म्हणून रेकॉर्ड होतंय, चालेल ना?’ त्यावर ते एकदम सरळ बसल्यासारखे बोलायला लागले, एकेक नाव काना-मात्रेसकट, हजेरी घेतल्यासारखं. मागचा गोंगाटही त्यांनीच गप्प केला. सॅमसंगवर असं कधी झालं नाही. ज्याला माहीतच नाही, तो नेहमीसारखाच घाईत बोलणार.

तक्रारी आहेतच. व्हॉट्सॲप कॉल दोन्ही डायलरमध्ये रेकॉर्ड होत नाही, आणि तरुण गिऱ्हाईक नेमकं त्यावरूनच बोलतं. गूगलच्या ॲपमध्ये कॉन्फरन्स कॉल रेकॉर्ड होत नाही, त्यामुळे वर-वधू दोन्ही पक्ष एकत्र घेतले की पुन्हा कागद-पेन. ठराविक दिवसांनी आपोआप डिलीट करायची सोय चांगली आहे, पण मला ऑर्डर नंबर टाकून फाइल शोधता यायला हवी, ती सोय कुठेच नाही. सध्या पत्रिका हातात पडून बिल चुकतं झालं की दीर बसून त्या ऑर्डरचे सगळे कॉल उडवतो.