पीएचपी-मायएसक्यूएल, वापरानंतर: सगळं जमलं, ‘काळे’ तेवढे रांगेत बसेनात

गेल्या महिन्यात होस्टिंगवाल्यांनी (संकेतस्थळाला सर्व्हरवर भाड्याने जागा देणाऱ्यांनी) आमचं खातं न विचारता नव्या सर्व्हरवर हलवलं आणि सकाळी मी पीएचपी-मायएसक्यूएलवर बनवलेली वाचनालयाची अख्खी यादी प्रश्नचिन्हांनी भरलेली दिसली. पुस्तकाचं नाव प्रश्नचिन्हं, लेखक प्रश्नचिन्हं, सभासद प्रश्नचिन्हं. दाखल क्रमांक आणि किंमत तेवढी शाबूत. तक्रार नोंदवली तर उत्तर आलं, ‘ब्राउझरची कॅश साफ करून बघा.’ मराठी अक्षरं डेटाबेसमधून मेली आहेत आणि हे मला झाडू मारायला सांगतायत! तेव्हाच ठरवलं की हा अनुभव सविस्तर लिहायचा.

तालुक्याच्या गावचं आमचं ‘ब’ वर्गाचं वाचनालय. तयार सॉफ्टवेअरचं कोटेशन आलं होतं. रक्कम एक वेळ ठीक, पण पुढे दरवर्षी देखभालीचे पैसे वेगळे. अनुदान कधी येतं ते कार्यकारिणीत बसणाऱ्याला माहीत असतं. मी म्हटलं, फुकटात मिळतंय ते आधी शिकून बघू. पावसाळ्यात झॅम्प उतरवून घेतलं आणि दिवाळीनंतर देवघेव त्यावरच सुरू झाली. पीएचपी म्हणजे वेबपानं तयार करणारी भाषा, मायएसक्यूएल म्हणजे माहिती कोष्टकांत साठवणारा डेटाबेस, आणि झॅम्प म्हणजे हे सगळं एकत्र देणारा फुकट संच. फाइल कुठे ठेवायची वगैरे इथे सांगत बसत नाही.

शिकण्याचा पहिला टप्पा वैतागाचा होता, आणि त्यात भाषेचा काही दोष नाही. फुकट व्हिडिओ पाहा नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी क्लास लावा, जुन्या ‘मायएसक्यूएल अंडरस्कोर क्वेरी’वाल्या फंक्शनांचीच शिकवणी. ही फंक्शनं पीएचपी ५.५ मध्ये निवृत्तीच्या यादीत गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली. झॅम्पमध्ये आज ८ ची मालिका असते, त्यामुळे क्लासच्या नोट्समधला कोड पहिल्याच ओळीला ‘असं फंक्शनच नाही’ म्हणून आडवा होतो. फी घेऊन शिळं वाढायचं म्हणजे कमाल आहे. नव्याने शिकणाऱ्यांनी सरळ पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची नवी पद्धत) धरावं. त्यात क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) आधी तयार करायची आणि तिच्यात भरायची नावं-आकडे नंतर द्यायचे. सुरक्षिततेचं भाषण राहू द्या, आमच्याकडे एका सभासदाचं नाव इंग्रजीत डि आणि सोझाच्या मध्ये अवतरणचिन्ह टाकून लिहिलेलं आहे. क्वेरीत नाव थेट चिकटवलं तर तेवढ्या एका टिंबाने पान कोसळतं. आणि टिंबाने कोसळणारं पान कुणी मुद्दाम काही टाकलं तर काय काय उघडं करेल, ते वेगळं सांगायला नको.

पीडीओ हातात बसल्यावर मात्र मजा आली. पुस्तकाच्या पानाची फाइल एकच. वेबपत्त्यात दाखल क्रमांक बदलला की त्या पुस्तकाचं पान तयार. ग्रंथपाल बाईंना खरं कौतुक वाटलं ते थकीत पुस्तकांच्या यादीचं. सभासद आणि देवघेव ही दोन कोष्टकं जोडणारी एक क्वेरी, परतीची तारीख उलटलेले सगळे एका पानावर. हे काम पूर्वी रजिस्टर उलटत संध्याकाळभर चालायचं. फॉरेन कीचं (दोन कोष्टकांतल्या नोंदी बांधणाऱ्या दुव्याचं) सुख वेगळंच: ज्याच्याकडे पुस्तक बाकी आहे त्या सभासदाची नोंद डेटाबेस पुसूच देत नाही. अनामत परत न्यायला आलेला माणूस कितीही घाईत असो.

इथपर्यंत चार तारे पक्के होते. मग बाईंनी सभासदांची अकारविल्हे यादी छापून मागितली, कागदावर बोट ठेवत खाली आल्या आणि थांबल्या.

“हे काळे इथे कशाला आले? काळे शेवटी येतात.”

यादी अशी होती: काटे, काळे, कावळे, काशीद, कासार. बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे काटे, कावळे, काशीद, कासार आणि मग काळे. युनिकोडच्या (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या) तक्त्यात मात्र ळ ला ल च्या शेजारी बसवलंय, व च्या आधी. झॅम्पमध्ये मायएसक्यूएलच्या नावाखाली खरं तर त्यातूनच फुटून निघालेलं मारियाडीबी असतं, आणि त्याची नेहमीची ‘जनरल सीआय’ क्रमवारी देवनागरीला या तक्त्याच्या आकड्यांप्रमाणे लावते. क्षीरसागर तर कोल्ह्यांच्या मागे, क च्या शेपटाला. तेही वर्णमालेत ळ च्या पुढे हवेत.

लोक म्हणतील, सगळं चालतंय तर एका अक्षरासाठी काय डोकं धरून बसलात? वाचनालयात यादी म्हणजेच सगळं असतं हो. जे नाव जिथे शोधायची सवय आहे तिथे ते नसेल तर सभासद नाहीच असं धरून दुसरी नोंद केली जाते, आणि मग एका माणसाच्या दोन अनामती. मी पीएचपीमायअ‍ॅडमिनमधली (डेटाबेस हाताळायच्या पानावरची) क्रमवारींची लांबलचक यादी वरून खाली तपासली. स्वीडिश आहे, डॅनिश आहे, आइसलँडिक आहे, लॅटव्हियन आहे. मराठी नाही. स्वीडिशचं कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं समजेना. मायएसक्यूएल मूळ स्वीडनमधल्या कंपनीचं, १९९५ सालचं, म्हणून २०१८ मध्ये ८.० येईपर्यंत काहीच न सांगता बनवलेलं कोष्टक ‘लॅटिन१ स्वीडिश’ (युरोपी अक्षरं, स्वीडिश क्रम) निघायचं. मधे २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सने एक अब्ज डॉलरला घेतलं, सनला २०१० मध्ये ओरॅकलने घेतलं, पण ८.० येईपर्यंत घरचा स्वीडिश नियम कुणी हलवला नाही.

पीएचपीचीही गोष्ट तीच. रॅस्मस लेरडॉर्फने १९९५ मध्ये स्वतःच्या घरच्या पानासाठीची हत्यारं लोकांना खुली केली, तेव्हा देवनागरी कुणाच्या गावी होती? पीएचपी ६ मध्ये युनिकोड गाभ्यातच आणायचं ठरलं होतं, पण ते काम २०१० मध्ये सोडून दिलं आणि आकडा थेट ५ वरून ७ वर गेला. परिणाम आजही भोगतोय. नुसत्या ‘स्ट्रलेन’ला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा, १५ सांगेल, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘एमबी स्ट्रलेन’ ५ सांगतं: म, र, काना, ठ, वेलांटी. ‘ग्राफीम स्ट्रलेन’ ३ सांगतं, आणि पहिलीतलं पोरही ३ च सांगेल. पुस्तकाचं लांब नाव यादीत तोडून दाखवायला नुसतं ‘सबस्ट्र’ वापरलं की अक्षर मधोमध कापलं जातं आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं.

इथे मी दोन तारे कापून बसलो होतो. ते परत का दिले ते सांगतो.

पीएचपीला ‘इन्टल’ नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे जोडायचं साधन आहे. विंडोजवरच्या झॅम्पमध्ये ते येतं पण बंद असतं. पीएचपी डॉट आयएनआय फाइलमध्ये त्याच्या ओळीपुढचा अर्धविराम पुसायचा आणि अपाची (पानं पुरवणारा वेब सर्व्हर) पुन्हा सुरू करायचं. त्यात कोलेटर, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावणारा, असतो. त्याला ‘एमआर इन’ (मराठी, भारत) एवढं सांगितलं, नावांचा अ‍ॅरे दिला आणि काळे गपगुमान कासारांच्या मागे जाऊन बसले. क्षीरसागर ळ च्या पुढे, ज्ञ त्याच्याही पुढे. कुणीतरी कुठेतरी बसून मराठी वर्णमालेचा क्रम नीट लिहून ठेवलाय आणि आपल्याला तो फुकट मिळतोय, याचा मला नवी गाडी घेतल्यासारखा आनंद झाला. बाईंना छापील यादी दिली. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागल्या, कारण त्यांच्या मते यादी अशीच असते.

अडचण एक उरते. क्रम पीएचपीत लावायचा तर सगळी नावं आधी आणावी लागतात, आणि एका पानावर पंचवीस दाखवायची सोय बोंबलते. त्यावर उपाय असा की नाव नोंदवतानाच कोलेटरकडून ‘सॉर्ट की’ (त्या नावाची जागा ठरवणारे बाइट) घ्यायची, ती व्हारबायनरीच्या वेगळ्या रकान्यात ठेवायची आणि ‘ऑर्डर बाय’ त्या रकान्यावर लावायचं. मग लिमिटही (पानावर पंचवीसच आणणं) चालतं आणि इंडेक्सही लावता येतो. नाव दुरुस्त केलं की की पण नवी करायची, एवढं लक्षात ठेवायचं.

शोधाची एक कटकट अजून शिल्लक आहे. गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा नावांतला तो कोयत्यासारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त टाकतो, कुणाचा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेसला मात्र दोन वेगळे गोऱ्हे. मी नोंद करताना दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्या तऱ्हेत बदलून घेतो.

आता पुन्हा होस्टिंग. मराठी बिघडते तेव्हा तिचे दोन आजार असतात, आणि ते ओळखता येणं हे मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडलेलं ज्ञान. एकात पान भरून डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए आणि मध्येमध्ये जपानी येनचं चिन्ह दिसतं. हा आजार बरा होतो. बाइट जिवंत आहेत, फक्त त्यांना लॅटिन समजून वाचलंय. रकाना आधी ब्लॉब (नुसते बाइट) करून मग यूटीएफ८एमबी४ (देवनागरीही मावणारी साठवणपद्धत) केला की अक्षरं परत येतात. दुसऱ्यात साधी प्रश्नचिन्हं दिसतात. तिथे लॅटिनच्या कोष्टकात देवनागरी बसेना म्हणून डेटाबेसने प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून ठेवलेलं असतं. परत आणायला मागे काही उरतच नाही. आमच्या होस्टिंगवाल्यांनी नव्या सर्व्हरवर कोष्टकं लॅटिनमध्ये बनवून त्यात आमची माहिती ओतली होती. दोन-तीन दिवस ‘तुमच्या कोडमध्ये दोष आहे’ चाललं. शेवटी मी कोष्टकाची व्याख्याच त्यांना छापून पाठवली. त्यावर उत्तर आलं, ‘तिकीट बंद करण्यात येत आहे.’

दर शनिवारी पेनड्राइव्हवर माहितीची प्रत घ्यायची सवय होती, म्हणून निभावलं. नवी कोष्टकं यूटीएफ८एमबी४ मध्ये बनवली, पीडीओच्या जोडणीतही तेच लिहिलेलं होतं, आणि प्रत चढवली. तिथेही फाइल चढवायची मर्यादा २ एमबी. तुकडे करावे लागले. साधं ‘यूटीएफ८’ घेतलं तरी मराठी नीट राहते, कारण त्यात तीन बाइटपर्यंत जागा असते. पण एका सभासदाने अभिप्रायात चार बाइटचा हसरा चेहरा टाकला की नोंद अडकते, म्हणून एमबी४ च घ्या.

तर तारे: पीएचपीला चार, मारियाडीबीला साडेतीन (मराठी क्रमवारी दिली तर पाच), झॅम्पला फुकट असल्याबद्दल अर्धा जास्तीचा. होस्टिंगला शून्य. पहिल्या वर्षी स्वस्त म्हणून घेतलं होतं, आता नूतनीकरणाला जवळपास तिप्पट मागतायत. तेवढ्यात दुसरीकडे चौकशी केली. तिघांना एकच प्रश्न पाठवला: इन्टल चालू आहे का? दोघांनी ऑफरचं पत्रक पाठवलं. तिसऱ्याने ‘हो, चालू आहे, आवृत्ती ही’ एवढं एका ओळीत कळवलं. वर्षाचे पैसे त्यालाच भरलेत.