तीन पिढ्यांचा कॅनू-मुक्काम: सरोवराकाठी एकच तळ की नदीने रोज पुढे?

आजी-आजोबा, मधली पिढी आणि नातवंडे अशा सगळ्यांनी मिळून कॅनूने, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या लांबट उघड्या होडीने, जायचे आणि पाण्याकाठी तंबूत राहायचे असे ठरले की ठिकाण निवडण्याआधी प्रवासाची पद्धत ठरवावी लागते. सरोवराच्या काठी एकाच जागी मुक्काम ठोकून तिथूनच रोज पाण्यात फिरता येते, किंवा नदीच्या प्रवाहाबरोबर पुढे सरकत दर संध्याकाळी नव्या जागी तंबू उभारता येतात. समवयस्कांच्या गटाला दोन्ही पद्धती सारख्याच मानवतात. तीन पिढ्या सोबत असतील तर मात्र माझ्या मते तुलना एका प्रश्नापासून सुरू करावी: दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांचा गुडघा सुजला किंवा धाकट्या नातीला ताप आला, तर तो दिवस नुसता बसून काढण्याची सोय आपल्या बेतात आहे का?

सरोवराकाठच्या मुक्कामात ती सोय मुळातच असते. तंबू उभा आहे, चूल मांडलेली आहे, त्यामुळे ज्याला विश्रांती हवी तो मागे थांबतो आणि बाकीचे दोन तास वल्हवून परत येतात. नदीवर असे करता येत नाही, कारण गाडी खालच्या टोकाला उभी असते, पुढच्या मुक्कामाची जागा ठरलेली असते आणि परतीची तारीख गाठायची असते. एक दिवस चुकला तर त्याचे अंतर पुढच्या दिवसावर चढते.

सामानाच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. वृद्धांसाठी पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची, जमिनीपासून उंच असलेली खाट आणि रात्री वाकून शिरावे लागणार नाही असा उंच तंबू या गोष्टींना चैन म्हणता येणार नाही, कारण सकाळी जमिनीवरून उठणे हेच अनेकांसाठी दिवसातले सर्वांत अवघड काम असते. सरोवरावर हे सगळे पहिल्या दिवशी दोन खेपांत नेता येते. नदीवर दर सकाळी तेच सामान आवरून, बांधून, त्याच खेपेत माणसांसोबत होडीत बसवावे लागते आणि हे काम दर वेळी मधल्या पिढीच्याच वाट्याला येते.

माणसे आणि होड्यांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा चार धडधाकट प्रौढ, दोन वृद्ध आणि तीन मुले असे नऊ जण आहेत. सोळा-सतरा फुटी कॅनूत दोन माणसे आणि त्यांचे सामान नीट मावते. सामान कमी असेल तर मध्ये एक लहान मूल बसते. होडीची दिशा मागे बसणारा सांभाळतो, म्हणून प्रत्येक होडीच्या मागच्या जागी एक जाणता प्रौढ हवा. याचा अर्थ चार होड्या आणि चारही प्रौढ कायम कामाला जुंपलेले. सरोवरावर एकाला थकवा आला तर एक होडी काठावर ठेवता येते; नदीवर चारही होड्या रोज न्याव्याच लागतात. मोठ्या कुटुंबांनी गटाच्या आकाराचे नियमही आधीच पाहावेत. उदाहरणार्थ, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या बाउंडरी वॉटर्स या प्रसिद्ध कॅनू-क्षेत्रात एका गटात जास्तीत जास्त 9 माणसे आणि 4 होड्या चालतात. दहावा माणूस आला की गट विभागून वेगवेगळ्या जागी राहावे लागते.

होडीत चढण्या-उतरण्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण वृद्धांच्या पडण्याचा धोका सर्वांत जास्त तिथेच असतो. होडी काठाला समांतर आणि पूर्ण तरंगती ठेवावी, एकाने पाण्यात उभे राहून तिच्या दोन्ही कडा धरून ठेवाव्यात, चढणाऱ्याने खाली वाकून पहिले पाऊल बरोबर मध्यरेषेवर टाकावे आणि दोन्ही हातांनी कडा पकडूनच बसावे. गुडघे कुरकुरत असतील तर होडीच्या तळाशी बसणे तोल राखायला उत्तम असले तरी उठताना दोघांचा आधार लागतो. ही बाब घरच्या घरी जमिनीवर बसून आधी तपासून पाहावी. सरोवरावर ही कसरत दिवसातून एक-दोनदा होते. नदीवर दर विसाव्याला होते, तीही अनोळखी आणि बहुधा निसरड्या काठावर.

नदीच्या बाजूने बोलायचे तर तिचा मोठा गुण हा की प्रवाह श्रम वाटून घेतो. ज्या आजींना अर्ध्या तासापेक्षा जास्त वल्हवणे झेपत नाही, त्यांनाही दिवसभर बदलते काठ पाहत प्रवास करता येतो, आणि एकाच जागी कंटाळणाऱ्या किशोरवयीन मुलांना पुढे जाण्याचे समाधान मिळते. पण नदीची काठिण्यपातळी पाहताना आंतरराष्ट्रीय श्रेणीतल्या सहा पायऱ्यांपैकी पहिलीच्या वर जाऊ नये, आणि पहिल्या पायरीवरही वळणाच्या बाहेरच्या अंगाला पडलेल्या झाडांपासून दूर राहावे. पाणी फांद्यांतून आरपार जाते, होडी आणि माणूस मात्र तिथे अडकून दाबले जातात. जोराच्या पावसानंतर तीच नदी वेगळ्या श्रेणीची झालेली असते.

सरोवराचा धोका म्हणजे वारा. शांत पाण्यावर भरलेली कॅनू ताशी चार-पाच किलोमीटर जाते, समोरून वारा असला की हा वेग फार घटतो. वारा बहुधा दुपारी वाढतो, म्हणून फिरणे सकाळी उरकावे आणि मध्यातून पार न जाता काठाकाठाने जावे. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते, त्यामुळे गार पाण्यात पडल्यावर हातापायांचा उपयोग दहाएक मिनिटेच होतो. लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालूनच बसायचे, मुलांच्या जॅकेटला मानेमागे उशी आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. हे दोन्हीकडे लागू आहे, तसेच हेही की होडीत सर्वांत आधी गारठतो तो मध्ये नुसता बसलेला माणूस, म्हणजे नेमकी आजी किंवा धाकटे मूल.

होड्या खांद्यावर घेऊन एका सरोवरातून दुसऱ्यात जाण्याचा तिसरा मार्गही आहे, पण सामानाच्या दोन खेपा लागल्या की एक किलोमीटरची वाट तीन किलोमीटर चालावी लागते. वृद्ध सोबत असताना मी तो सुचवणार नाही.

पहिल्याच प्रवासासाठी माझी शिफारस सरोवराची आहे. पूर्वी एकत्र मुक्काम केलेल्या, मागच्या जागा सांभाळणारे पुरेसे प्रौढ असलेल्या आणि बेतात एक पूर्ण मोकळा दिवस ठेवू शकणाऱ्या कुटुंबाने नदी जरूर निवडावी. मात्र रोजचे अंतर आठ-दहा किलोमीटरच्या आत ठेवावे, वाटेत रस्ता काठाला भिडतो त्या जागा नकाशावर आधीच खुणावून ठेवाव्यात आणि औषधांचे दोन संच दोन वेगळ्या होड्यांतल्या जलरोधक पिशव्यांत ठेवावेत. ज्यांचा निर्णय होत नाही त्यांनी मुक्काम सरोवरावर ठेवून जवळच्या सौम्य नदीवर एका दिवसाची, बिनसामानाची फेरी करावी. खालच्या टोकाला गाडी घेऊन थांबायला घरातलाच कोणी तयार असेल, तर त्या दिवशी पाण्यात न उतरणाऱ्यालाही तिथे नेता येते.