बाल्कनीची केबिन, फक्त कागदावर

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचे पैसे ज्यांनी ओळखीच्या एजंटकडे भरलेत आणि ज्यांच्या हातात त्या बदल्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं एक पीडीएफ व्हाउचर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडेही तसंच व्हाउचर होतं. रंगीत, वर क्रूझ कंपनीचा लोगो, पाचही जणांची नावं पासपोर्टबरहुकूम. दोन बाल्कनी केबिन, आठवा डेक म्हणजे मजला, जहाजाच्या मध्यावर (याला 'मिडशिप' म्हणतात), शेजारीशेजारी. प्रत्यक्षात मिळाल्या दोन बिनखिडकीच्या खोल्या. एक पार पुढच्या टोकाला आणि दुसरी मागे. मध्ये अख्खं जहाज.

एजंट आमच्या डोंबिवलीतलाच. स्टेशनजवळ गाळा, काचेवर युरोप-दुबई-काश्मीरचे स्टिकर, आत गणपतीचा फोटो आणि एसी. माणूस अतिशय गोड. सासऱ्यांना वाकून नमस्कार करायचा, सासूबाईंना काकू म्हणायचा. "ताई, तुम्ही टेन्शनच घेऊ नका, सगळं माझ्यावर सोडा," हे त्याचं पालुपद. सोसायटीतल्या दोन कुटुंबांना त्याने केरळला नेलं होतं, तेही व्यवस्थित. म्हणजे हा काही रातोरात शटर पाडून पळणारा भामटा नव्हे, आणि मला वाटतं म्हणूनच तो जास्त धोकादायक. तो सहल देतो. फक्त पैसे वरच्या दर्जाचे घेतो आणि खालच्या दर्जाची देतो. माणसं भांडणतंटा नको म्हणून गप्प बसतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

केबिनसाठी आमचा हट्ट का होता तेही सांगते. सासूबाईंना बोट लागते. रेवसच्या लाँचमध्येसुद्धा त्या लिंबू हुंगत बसतात. अप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, उलटं. त्यांचं लहानपण कोकण बोटीच्या काळातलं. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून विजयदुर्गला जायचं, वळकट्या पसरून डेकवरच झोपायचं. जहाज लाटेवर पुढे-मागे झोके घेतं तेव्हा टोकं सगळ्यात जास्त वर-खाली होतात आणि मधला भाग कमी, हे त्यांनीच एजंटला सांगितलं. जितकं उंच जाल तितकं डोलणंही जास्त. त्यामुळे मधली, फार वरची नसलेली, आणि सासूबाईंना क्षितिज दिसेल, मोकळी हवा मिळेल अशी केबिन हवी, हे पहिल्या भेटीतच ठरलं. "काका, तुम्ही तर कॅप्टनच निघालात!" असं म्हणत त्याने ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता धंद्याची खाच कुठे आहे ते बघा. क्रूझवर ढोबळ चार प्रकार असतात: आतली म्हणजे इंटिरिअर, खिडकीची ओशन व्ह्यू, बाल्कनी आणि स्वीट. पण प्रत्येक प्रकारात पोटप्रकार पुष्कळ. ओशन व्ह्यू घेतलीत आणि खिडकीसमोर नारिंगी लाइफबोट टांगलेली, असं होऊ शकतं. कंपनी ते 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणून सांगते आणि पैसेही कमी घेते. एजंट ते सांगेलच असं नाही. काही अवाढव्य जहाजांवर तर बाल्कनी समुद्राकडे नसून जहाजाच्या पोटातल्या बागेकडे किंवा दुकानांच्या रस्त्याकडे उघडते. तीही बाल्कनीच, खोटं काही नाही! आणि आतल्या केबिनमध्ये भिंतीवर समुद्राचं थेट चित्र दाखवणारा पडदा असला की काही विक्रेते तिला बिनदिक्कत 'व्हर्च्युअल बाल्कनी' म्हणून खपवतात.

पाचवी गोष्ट म्हणजे 'गॅरंटी' केबिन. नाव ऐकून वाटतं काहीतरी भारी असेल. अर्थ इतकाच की प्रकार तुम्ही ठरवायचा, नंबर कंपनी ठरवणार, तिला हवा तेव्हा आणि हवा तिथे. त्यामुळे ती स्वस्त पडते. एकटादुकटा प्रवासी असेल, झोप गाढ असेल, तर जरूर घ्या, कंपनीने फसवलेलं नाही. पण दोन खोल्या शेजारी हव्यात, म्हातारी माणसं बरोबर आहेत, तर गॅरंटी म्हणजे सोडतच.

आमच्या एजंटने काय केलं, ते पुढे कंपनीच्या ईमेलवरून आणि तारखांवरून जुळवलं. आधी त्याने खरोखर दोन बाल्कनी केबिन धरल्या. फक्त अनामत भरून. त्या पानाचा फोटो आम्हाला पाठवला आणि आमच्याकडून मात्र सगळेच्या सगळे पैसे घेतले. क्रूझचे उरलेले पैसे भरायची एक शेवटची तारीख असते. तोपर्यंत बुकिंग रद्द केलं की एजंटाचं फारसं जात नाही, त्यानंतर टक्केवारीने कापायला लागतात आणि सुटायच्या सुमारास सगळंच बुडतं. त्या तारखेच्या आधी त्याने आमच्या बाल्कन्या सोडून दिल्या आणि दोन इंटिरिअर गॅरंटी घेतल्या. फरकाचे पैसे खिशात. मग जुन्या पानावर कारागिरी करून आमचं 'व्हाउचर' तयार झालं.

ही कारागिरी पकडायला फार अक्कल लागत नाही, आणि इथेच माझा सगळा राग आहे. आम्ही नंबर मागितला की तो म्हणायचा, सिस्टिममध्ये अपडेट होतंय. वेब चेक-इन आम्ही करतो म्हटलं तर, "नको ताई, एक अक्षर चुकलं की जहाजात घेत नाहीत, मी करून देतो." निघायच्या आदल्या रात्री व्हाउचर आलं, आणि त्यावर बुकिंग क्रमांक नेमका स्टॅम्पखाली.

सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवर रांगेत उभं असताना मुलाने कंपनीच्या साइटवरचा त्या जहाजाचा डेक प्लॅन उघडला. डेक प्लॅन म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा, एकेका केबिनच्या नंबरसकट, कुणालाही फुकट बघता येतो. केबिनच्या नंबरातले पहिले एक-दोन आकडे बहुधा डेकचे असतात. आमच्या व्हाउचरवर आठ हजार दोनशेच्या घरातले दोन नंबर होते. नकाशात आठव्या डेकवर ती मालिकाच नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, हा नंबर या बोटीचा नाहीच आहे." तो निघाला त्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजाचा. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट स्कॅन केले, पडदा आमच्याकडे वळवला आणि केबिनचा प्रकार, नंबर, बुकिंगची तारीख असं सगळं दाखवलं. तारीख होती आम्ही पूर्ण पैसे भरल्यानंतर कितीतरी आठवड्यांची. बदलून मिळेल का विचारलं तर जहाज भरलेलं. मी त्या पडद्याचा फोटो मागितला, तिने नाही म्हटलं, पण आमचं बुकिंग छापून दिलं. तो कागद आज फाइलमध्ये सगळ्यात वर आहे.

जहाज छान होतं. खोटं कशाला बोलू? जेवणात जैन थाळीसुद्धा होती. पण पुढच्या टोकाच्या त्या खोलीत दिवा मालवला की दिवस आहे की रात्र ते कळत नाही, आणि सासूबाईंचं डोकं पहिल्या संध्याकाळपासूनच गरगरायला लागलं. आम्ही खोल्या बदलून पाहिल्या, मागच्या खोलीत इंजिनाची थरथर. शेवटी त्या दिवसभर मधल्या डेकवरच्या लॉबीत, गोळी घेऊन, खिडकीशी बसून राहिल्या. फुकेतला पातोंगसमोर जहाज समुद्रातच थांबतं. पहाटे नांगर सोडला तेव्हा साखळीचा असा गडगडाट झाला की नवरा ताडकन उठून बसला. पुढच्या टोकाच्या केबिन स्वस्त का असतात ते तेव्हा समजलं. तिथून किनाऱ्यावर छोट्या बोटीने नेतात. अप्पा खूश: "हे तर आमच्या विजयदुर्गच्या पडावासारखंच!" घरात तेवढा एकच माणूस मजेत होता.

शेवटच्या सकाळी दाराशी बिल. ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी, माणशी दर रात्रीच्या हिशोबाने, सिंगापूर डॉलरमध्ये. ही रक्कम कंपनी आपोआप लावते. आमच्या पॅकेजमध्ये 'सर्व समाविष्ट' लिहिलेलं होतं, अर्थातच ती भरलेली नव्हती.

घरी आल्यावर बाकीचा हिशोब काढला, तेव्हा केबिन ही त्यातली एक बाब निघाली. पॅकेज 4,20,000 रुपयांचं. त्यात 'मलेशिया-थायलंड व्हिसा' म्हणून माणशी 3,500 लावलेले. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला होता, थायलंडने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून. म्हणजे 17,500 रुपये निव्वळ हवेतले. वर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ गोळा करायचा आयकर, 21,000. परदेशी सहलीच्या पॅकेजवर त्या वेळी 5 टक्के टीसीएस होता, तो घेणं बरोबरच, पण तो एजंटने तुमच्या पॅनवर सरकारकडे भरायचा असतो आणि तुम्ही तो आयकर विवरणपत्रात परत मिळवायचा असतो. मी फॉर्म 26एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा, उघडून पाहिला. टीसीएसचा रकाना रिकामा. पुढच्या तिमाहीतही रिकामाच. ज्यांनी कुणी परदेश सहल केली असेल त्यांनी आपापला 26एएस एकदा बघाच, पाच मिनिटांचं काम आहे.

पैसे गेले होते त्याच्या बायकोच्या बचत खात्यात. फर्मच्या चालू खात्याचं 'लिमिटचं काम' चालू होतं म्हणे. बिल मागितलं तर साध्या लेटरहेडवर पावती, जीएसटी क्रमांक नाही. क्रमांक दिला असता तर जीएसटीच्या साइटवर नाव ताडून बघता आलं असतं, म्हणूनच दिला नाही.

विचारायला गेलो तर पहिल्यांदा म्हणाला, कंपनीने केबिन बदलली. छापील बुकिंग पुढे ठेवलं तर म्हणाला, ऑफिसातल्या मुलाची चूक. मग पुढच्या सहलीत दहा हजार सूट देतो. आणि मी आवाज चढवल्यावर जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही: "ताई, समुद्र तर तोच होता ना?"

पोलीस ठाण्यात अपेक्षेप्रमाणे 'ही दिवाणी बाब आहे' असं ऐकवलं. आपण अजून चारशेवीस म्हणतो, पण 1 जुलै 2024 पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 झालंय. बनावट व्हाउचर आणि कंपनीचा ईमेल दाखवला तेव्हा निदान लेखी अर्ज घेतला, पोच दिली. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

खरी हालचाल झाली ग्राहक आयोगाच्या बाजूने. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलाची नोटीस, मग जिल्हा आयोग. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि आपण मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. वकील हवाच असंही नाही, आम्ही घेतला कारण अप्पांचे मित्र होते. नोटीस पोचल्याच्या आठवड्यात टीसीएस आणि व्हिसाचे मिळून 38,500 निमूट परत आले. केबिनच्या फरकावर मात्र तो अडून बसलाय. त्याच्या लेखी उत्तरात म्हटलंय की ग्राहकांनी 'क्रूझचा पूर्ण आनंद घेतला', पुरावा म्हणून माझ्या नवऱ्याने फेसबुकवर टाकलेला बुफेचा फोटो जोडलाय. तेव्हा भांडण संपेपर्यंत फोटो टाकू नका.

तुमच्याकडे अजून वेळ असेल तर एजंटकडून बुकिंग क्रमांक मागा, आजच. क्रमांक, आडनाव आणि सुटण्याची तारीख टाकून बहुतेक कंपन्यांच्या साइटवर आपलं बुकिंग दिसतं. एजंटमार्फत घेतलेलं असलं तर बदल तोच करू शकतो, पण बघायला कुणाची परवानगी लागत नाही. तिथे प्रकार, केबिन नंबर, किती भरलं आणि किती बाकी हे दिसतं. नंबरच्या जागी गॅरंटीचा उल्लेख असेल, किंवा तुम्ही सगळे पैसे देऊनही बाकी दिसत असेल, तर शेवटच्या भरण्याच्या तारखेआधी त्याच्या गाळ्यात जाऊन बसा. नंबर असेल तर डेक प्लॅनवर तो शोधा आणि वरच्या-खालच्या मजल्यावर काय आहे तेही बघा. डोक्यावर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. उरलेले पैसे क्रेडिट कार्डाने भरता आले तर बँकेकडे वाद तरी घालता येतो. क्रमांक द्यायला तो टाळाटाळ करत असेल, तर मेसेजवर लेखी मागा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. आमच्या वकिलांना सगळ्यात उपयोगी पडला तो त्याचाच व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज: 'काकांसाठी मिडशिप बाल्कनी कन्फर्म 👍'. पुढची सुनावणी त्या अंगठ्यावरच आहे.